मोहाखालच्या बांधीतला पहारेकरी

गेली तीन वर्षं मी एक बाई आहे. म्हणजे फोनवर. एरवी मी जवाहरनगरच्या क्वार्टरात राहणारा, आवक-जावकचे शिक्के मारणारा, सेहेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस आहे. पण फोनवरच्या एका कथांच्या ॲपमध्ये माझं नाव बाईचं आहे आणि फोटोच्या जागी कमळाचं फूल. तिथे मी कादंबऱ्या लिहितो. प्रेमाच्या, जिवावरच्या संकटांच्या आणि भुतांच्या. तिन्ही एकातच.

या प्रकाराचं गणित सोपं आहे. नायिकेचा कुणावर तरी जीव जडला पाहिजे, तिचा जीव कुठेतरी धोक्यात पडला पाहिजे, आणि ज्याच्यावर जडला तो शक्यतो जिवंत नसला पाहिजे. जिवंत नवऱ्यावर पाचशे शब्दांच्या वर लिहिता येत नाही, हे मी स्वतःच्या घरात तपासून पाहिलंय. बायकोला माझा हा उद्योग ठाऊक आहे. पहिली कादंबरी तिनं वाचली होती. तिच्यात नायक अवसेला वाघ व्हायचा. वाचून ती एवढंच म्हणाली, "वाघ होऊन जंगलात जाते ते ठीक. पण तेवढ्या वेळ म्हशीले चारा कोण टाकते?" त्यानंतर मी तिला काही दाखवलं नाही.

दुसरी कादंबरी वैनगंगेवर होती. शंभर वर्षांपूर्वी बुडालेला नावाडी नायिकेला रोज कारध्याहून भंडाऱ्याला सोडतो आणि मधल्या धारेत डोळ्यांत डोळे घालून बघतो, अशी. चांगली चालली होती. अकराव्या भागाखाली कुणीतरी लिहिलं, "ताई, कारध्याला पूल आहे. ही पुलानं का जात नाही?" मग सगळेच विचारू लागले. एकानं तर पुलाचा फोटोच टाकला. कादंबरी मधल्या धारेतच बुडाली.

म्हणून तिसऱ्या वेळी मी ठरवलं, भूगोल पक्का पाहिजे. जागा अशी घ्यायची, की कुणी बोट दाखवू शकणार नाही. आणि माझ्या पायाखालची, बोट न बोट माहीत असलेली जागा एकच होती. आंबागडच्या पायथ्याजवळची माझ्या मोठ्या बहिणीची धानाची शेती.

मी सगळं जसंच्या तसं उचललं. वर किल्ला. खाली बोडी, म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. बोडीच्या पाळीवर वाकडा मोह. मोहाखाली धानाची बांधी, चारी बाजूंनी बांध घातलेलं खाचर, आणि तिच्या धुऱ्यावर, म्हणजे त्या बांधावर, बसायला एक सपाट दगड. त्यात माझ्या पदरचा फक्त एक माणूस घातला, तीनशे वर्षांपूर्वी पहाऱ्यावर असताना दगा होऊन मेलेला गडाचा पहारेकरी. रुंद छाती, भिजलेले केस. तो मोहाखालच्या चिखलात राहतो आणि एखादी सुंदर बाई बांधीत उतरली की तिचा डावा पाय घोट्यापाशी धरतो. हळूच. सोडत मात्र नाही. हे डाव्या घोट्याचं मला फार सुचलं होतं. त्या भागाला मिळालेल्या लाईक मी चहा पिता पिता पुन्हा पुन्हा बघायचो.

आता घरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला. तेव्हापासून आमच्या घरात भूत हा विषय बंद. लहानपणी अंधारात घाबरलो तर आई कंदील हातात देऊन म्हणायची, "जा, पाहून ये. दिसलं तर बोलावून आण, जेवाले वाढतो." माझी बहीण तर या बाबतीत आईपेक्षा कडक. विहारातल्या बायकांमध्ये तिचा शब्द चालतो. कुणाला ताप आला आणि कुणी अंगारा लावायला निघालं की ही आधी त्यांच्या दारात, हातात दवाखान्याची चिठ्ठी. वीस वर्षं तिनं हेच केलं. आणि तिचा धाकटा भाऊ क्वार्टरात बसून भुताच्या छातीचं वर्णन लिहितो, हे तिला माहीत नव्हतं. मीही वर्षातून एकदा विहारात अंधश्रद्धेवर भाषण करायचो. बरं करायचो.

गेल्या आषाढात एका गुरुवारी तिचा फोन आला.

"तू उद्या येतं का?"

"काहून? काय झालं?"

"रोवणं अडलं माझं. बाया मोहाखालच्या बांधीत उतरूनच नाही राहिल्या. म्हणतात भूत आहे."

मी म्हणालो, "भूत?" आणि खुर्चीवरून उठलो.

"कोण्या बाईनं फोनवर काही लिवून ठेवलं म्हणे. मोह तोच, बोडी तीच, दगडही तोच. बुधवारी एकीचा पाय चिखलात अडकला, थे बोंबलत बाहेर निघाली. तवापासून मोहाखालची अन तिच्या खालच्या दोन, तीन बांध्या पडल्या आहेत. चिखल करून ठेवला, तो आता बसून राहिला. पऱ्हे पिवळे पडून राहिले. अन सोमवारी ही टोळी दुसऱ्या गावाले जाते. तू ये अन तुह्या त्या भाषणातलं सांग त्याह्यले."

रोवणं म्हणजे लावणी आणि पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती वेळेत उपटून लावली नाहीत की निबर होतात, मग लावूनही फुटवा येत नाही. निम्मी शेती त्या तीन बांध्यांत होती. हे मला पक्कं माहीत होतं, कारण कादंबरीच्या चौथ्या भागात मी ते सविस्तर लिहिलं होतं.

शुक्रवारी रजा टाकून पोचलो. दुपारी बायका धुऱ्यावर शिदोऱ्या सोडून बसल्या होत्या. वीसेक जणी. टोळीची मुखिया साठीची, बोडीत मासे धरणाऱ्यांच्या घरातली, बोलताना डोळे बारीक करणारी. तिच्या शेजारी गावातलीच एक तरुण सून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन घेऊन. जेवताना ती रोज एक भाग वाचून दाखवायची आणि बाकीच्या ऐकायच्या.

ती सून कोण, हे ताईनं सांगितलं तेव्हा माझ्या तोंडातली भाकर फिरायची थांबली. वर्षावासात विहारात तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. तो ही वाचायची. लग्न होऊन आली तेव्हा अडखळत वाचायची. ताईनं तिला समोर बसवून शिकवलं, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, शब्द गिळायचा नाही. आता ती वाचायला लागली की बायका हात जोडून ऐकतात. त्या आवाजात आलेली गोष्ट त्यांनी कधी खोटी ऐकलीच नव्हती. आणि त्याच आवाजात, त्याच थांबण्यांसकट, माझा पहारेकरी आला होता.

मी उभा राहून भाषण केलं. विज्ञान घातलं, चिखलातल्या हवेच्या पोकळ्या घातल्या, खेकडे घातले. मुखियानं सगळं ऐकून घेतलं.

"बाबू, भूत-बित आमी मानत नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मानत नाही. पण पाय तरी कायले टाकाचा?"

 मी म्हणालो, "अहो, ती गोष्ट आहे. कोणीतरी घरी बसून मनानं लिहिलेली."

"मनानं लिवली असती," सून म्हणाली, "तर दगडाले पूर्वेकडून टवका उडाला आहे, हे तिले कसं माहीत राह्यलं असतं?"

सगळ्यांनी दगडाकडे पाहिलं. टवका होता. मीच त्या टवक्यावर दोन ओळी खर्च केल्या होत्या.

"अन पाय डावाच धरला होता हिचा," मुखियानं बुधवारी अडकलेल्या बाईकडे बोट केलं. त्या बाईनं डावा पाय पुढे करून दाखवला. मला म्हणावंसं वाटलं, की उजवा धरला असता तर तुम्ही तो डावा सांगितला असता. पण मी त्या क्षणी इतका खूश झालो होतो की बोललो नाही. लाजेची गोष्ट आहे, पण सांगतो. तीन वर्षांत पहिल्यांदा माझे वाचक मी समोर बसलेले पाहत होतो. त्यांतली एक तर माझी ओळ पाठ म्हणत होती.

मग मला उपाय सुचला. भूत माझं, तर मारणारही मीच. दुपारीच गावातल्या पाण्याच्या टाकीजवळ, जिथे नेटवर्क येतं तिथे उभं राहून, मी पुढचा भाग लिहिला. सूर्याचा पहिला किरण पहारेकऱ्यावर पडला, त्याला मुक्ती मिळाली, तो धुक्यासारखा विरून गेला. दहा ओळींत खलास. आणि निर्धास्त झोपलो.

शनिवारी दुपारी सुनेनं तो भाग वाचला. 

"असा कसा मेला?" मुखिया म्हणाली. "तीनशे वर्षं मेला नाही, अन आज सकाळच्या उन्हानं मेला? तीनशे वर्षं ऊन नोहतं का?"

"लपला असन," दुसरी म्हणाली.

"लपलाच. आतावरी मोहाखाली तरी होता. आता कोणत्या बांधीत गेला, काय माहीत."

सून फोनकडे बघत हळहळली. "लेखिकाबाईले घरी काही टेन्शन असन. असं लिवत नाही ते."

त्यामुळे दुपारनंतर बायका मोहापासून लांबच्या, आदल्या दिवशीपर्यंत बिनधास्त लावत असलेल्या बांधीतही उतरेनात. एक बांधी आणखी वाढली. ताई धुऱ्यावर उभी होती.  पऱ्ह्यांची एक जुडी उचलून मुळं बघत राहिली. मुळं वाळायला लागली होती. मग ती जुडी तिनं पाण्यात परत ठेवली, आजारी पोराला झोपवावं तशी.

माझ्या आतला लेखक तिथे मेला. धुक्यासारखा वगैरे नाही, फटकन.

संध्याकाळी ती चुलीपाशी कोचईची, म्हणजे अळूची, पानं चिरत होती. मी शेजारी बसलो.

"ताई, ते मी लिहितो."

"काय?"

"ते फोनवरचं. ती बाई मीच आहे."

विळी थांबली. ती माझ्याकडे बघत राहिली. हसेल असं मला उगाच वाटलं होतं.

"कवापासून?"

"तीन वर्षं."

"विहारात भाषण देत होता, तवाही?"

"तवाही."

"त्या पोरीले वाचाले मी शिकवलं," ती म्हणाली. "दोन वर्षं. अन तू तिच्या तोंडात भूत घातलं."

मी म्हणालो, उद्याच्या उद्या सगळं काढून टाकतो. ती म्हणाली, "काढशील तर म्हणतीन, त्यानंच काढाले लावलं. मारला तर म्हणतात लपला. तुले काही अक्कल आहे का? एवढी पुस्तकं लिवतं."

पुस्तकं नाहीत, भाग आहेत, हे सांगायची ती वेळ नव्हती. ती पानं चिरायला लागली.  मग मान वर न करता म्हणाली, "त्याले कामाले लाव."

"कोणाले?"

"त्या तुह्या पहारेकऱ्याले. तीनशे वर्षं बसून खाऊन राहिला. काम करणाऱ्याले कोणी भेत नाही. तुह्या भाऊजीले कोणी भेते का?"

भाऊजी ओसरीवर ट्रॅक्टरची साखळी साफ करत होते. त्यांनी ऐकलं असावं, पण मान खालीच ठेवली.

तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. तीन वर्षांत इतका झोडपला गेलो नव्हतो. सुरुवातीलाच तिनं विचारलं, "ही तुही नायिका बांधीत कायले उतरली?"

"तिला चांदणं बघायचं असतं."

"चिखलात? अन लुगडं खोचलं का नाही?"

तेव्हापासून नायिकेनं लुगडं खोचलं. मग पहारेकऱ्यानं डावा पाय धरला, आणि ती म्हणाली, हात मोकळे आहेत तर जुड्या आण. त्यानं आणल्या. तिनं लावायला सांगितलं, त्यानं खोल लावल्या. ती रागावली. तो म्हणाला, मी गडाचा पहारेकरी. ती म्हणाली, गडावर धान पिकते का? मी एका ठिकाणी त्याच्या भिजलेल्या केसांचा उल्लेख टाकला, तो ताईनं काढायला लावला. "काम करते तो घामानंच भिजते. त्याचं कायले कौतुक." मग भाऊजींच्या गाडीवर बसून टाकीपाशी गेलो आणि भाग टाकला.

रविवार शेवटचा दिवस. सुनेनं दुपारच्या आत, न्याहारीलाच फोन काढला. पहारेकऱ्यानं पाय धरला तिथे बायका गप्प होत्या. जुड्या आणायला गेला तेव्हा एकीनं खुसकन हसू सोडलं. तो ओळ वाकडी लावतो तिथे मुखिया म्हणाली, "गडी माणूस. मेला तरी ओळ सीधी नाही." मग सगळ्या हसल्या. नंतर भूत कसं वाकत असेल, त्याची कंबर किती दुखत असेल, त्याला पानसुपारी कोण देईल, यावर त्यांनी माझ्यापेक्षा चांगली कादंबरी रचली.

आणि सून वाचता वाचता थांबली. "'खोल गाडलं तर पोटात मरते, वरवर ठेवलं तर वाऱ्यानं मरते.' हे तर काकू म्हणते. रोज म्हणते."

वीस बायकांनी ताईकडे पाहिलं.

"काकू," सून हळू आवाजात म्हणाली, "तुमी लिवता का हे?"

ताईचा चेहरा उतरला. मी तिला कधी कुणासमोर मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. ती माझं नाव घेऊ शकली असती. घेतलं नाही. वीस वर्षं दारोदार फिरून भूत नाही म्हणणारी बाई गप्प उभी राहिली, आणि बायकांच्या तोंडावर हळूहळू दिसायला लागलं, की अच्छा, ही आम्हाला एक सांगते आणि लिहिते दुसरं.

मी उभा राहिलो. "मी लिहितो. तिला कालपर्यंत माहीतही नव्हतं. ते भूत, तो डावा पाय, सगळं मी क्वार्टरात बसून केलं. मोह आणि दगड इथला चोरला. बाकी सगळं खोटं आहे."

मुखियानं मला टकलापासून चपलांपर्यंत बघितलं. डोळे बारीक करून.

"तू?"

"मी."

"ते रुंद छातीचं, तू लिवलं?"

"हो."

ती माझ्या छातीकडे, मग खाली सुटलेल्या पोटाकडे बघत राहिली. एक बाई पदर तोंडात कोंबून मागे वळली. मग धुरा हलला. वीस जणी हसत होत्या, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. एक म्हणाली, "ह्याच्यासाठी मी चार दिवस डावा पाय उचलून झोपली." सून मात्र हसत नव्हती. तिनं फोन पिशवीत गुंडाळला आणि म्हणाली, "मामाजी, मी ते विहारातल्यासारखं वाचलं." 

"मंग उतर आदी तूच," मुखिया म्हणाली.

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मोहाखालच्या बांधीत उतरलो. चिखल पोटरीपर्यंत आला. खरं सांगतो, तिथे गार पाण्यात उभं राहिल्यावर मला माझीच वाक्यं आठवायला लागली, आणि ती चांगली लिहिलेली होती. मुखिया माझ्या मागून उतरली. मी दोन रोपं खोचली, तिसऱ्यासाठी वाकलो, आणि कुणीतरी माझा डावा पाय घोट्यापाशी धरला. हळूच. सोडेना.

मी जे ओरडलो ते गावात ऐकू गेलं म्हणतात. भाऊजी ट्रॅक्टर बंद करून धावत आले. मी चिखलात बसलो होतो आणि माझ्या मागे मुखिया वाकून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, माझा पाय धरून उभी होती. शांतपणे.

"खेकडा असन," ती म्हणाली. "तूच सांगत होता शुक्रवारी."

मग मात्र कुणालाच उतरायला सांगावं लागलं नाही. वीसच्या वीस जणी त्या बांधीत आल्या, जणू जत्रेत आल्यात. मला लावणीतून काढून टाकलं, कारण माझ्या ओळी पाहून ताईनं त्या मुकाट्यानं उपटल्या. मला जुड्या पोचवायचं काम मिळालं. दिवसभर "ए पहारेकऱ्या, इकडं टाक", "ए भूता, झोपला का" असं चाललं. ताई माझ्याशी थेट बोलत नव्हती. बायकांमार्फत बोलत होती. "त्याले सांगा, जुडी फेकून मारू नको म्हणा." पण तिसरी बांधी निम्मी झाली तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं पाण्याचा लोटा माझ्यापुढे धरला.  

दिवस मावळायच्या आत चारही बांध्या लागल्या. हिरव्या ओळी पाण्यात उभ्या होत्या, अजून वाकलेल्या, पण उभ्या. मुखियानं बोडीत हातपाय धुतले आणि ताईला म्हणाली, "बाई, उद्या आमी तिकडच्या गावाले चाललो. तिथं जुड्या टाकाले माणूस नाही. ह्याले पाठवतं का?"

मी घाईनं म्हणालो, "मले उद्या ड्युटी आहे."

ताईनं पदराला हात पुसले. दिवसभरात पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"भुताले कायची ड्युटी," ती म्हणाली. "सकाळी सातले ने त्याले."